मोठ्या मंचासाठी गिटार ॲम्प: वॉटच्या आधी बघायच्या गोष्टी

मोठा कार्यक्रम ठरला की आपले पहिले लक्ष वॉटच्या आकड्याकडे जाते. त्याआधी साउंडवाल्यांना एक प्रश्न विचारून घ्या: ॲम्पला माइक लावून गिटार मुख्य स्पीकरमधून सोडणार ना? उत्तर ‘हो’ असेल, आणि मोठ्या मंचावर ते जवळजवळ नेहमी ‘हो’च असते, तर प्रेक्षकांपर्यंत आवाज पोचवणे हे तुमच्या ॲम्पचे काम उरत नाही. मंचावर ड्रमच्या शेजारी तुम्हाला स्वतःचे वाजवणे नीट ऐकू यावे आणि माइकला चांगला आवाज मिळावा, एवढेच त्याने करायचे. १९६०च्या दशकाच्या मध्यात मार्शलने १०० वॉटचे ॲम्प बनवले, कारण तेव्हा मुख्य स्पीकरमधून बहुतेक वेळा फक्त गायकाचा आवाज जायचा आणि गिटारला स्वतःच्या बळावर सभागृह भरावे लागायचे. आज ती अडचण नाही, तरी १०० वॉटचा सोस मात्र टिकून आहे.

वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. म्हणून ५० आणि १०० वॉटमधला फरक कानाला जेमतेम कळतो, पाठीला मात्र चांगलाच. शिवाय उघड्यावर अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी होतात. १ मीटरवर ११५ डेसिबल देणारा ॲम्प ३२ मीटरवर ८५पर्यंत उतरतो. मागच्या रांगेसाठी ॲम्प घेण्यात अर्थ नाही तो यामुळे.

स्पीकरची संवेदनशीलता मात्र बहुतेक जण बघतच नाहीत. १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल, असा तो आकडा असतो. सेलेस्टियन व्हिंटेज ३० चा आकडा १००, तर जी१२टी-७५ चा ९७. म्हणजे दुसऱ्या स्पीकरवर १०० वॉट आणि पहिल्यावर ५० वॉट दिले तर आवाज साधारण सारखाच. थोड्या खर्चात ॲम्प ‘मोठा’ करायचा असेल तर स्पीकर बदलणे हा सगळ्यात सरळ उपाय आहे. फक्त स्पीकर किती वॉट पेलतो तेही बघा. ट्यूब ॲम्प (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) पूर्ण आवाजात फाडून वाजवला की लिहिलेल्या आकड्यापेक्षा बराच जास्त जोर लावतो. त्यामुळे ३० वॉटच्या ॲम्पला २५ वॉटचा एकच ग्रीनबॅक स्पीकर लावला तर तो जळू शकतो. दोन लावले तर निभावते.

आता वॉटकडे. खरा प्रश्न असा: ड्रमच्या बरोबरीने वाजवताना तुमचा आवाज स्वच्छ राहायला हवा की फाटलेला चालेल? ॲम्पमधूनच डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज) घेणाऱ्याला ३० ते ५० वॉटचा ट्यूब ॲम्प पुरतो. १५ ते २२ वॉटचे ॲम्प माइकला छान वाटतात, पण जोरकस ड्रमरसमोर त्यांचा स्वच्छ आवाज टिकत नाही. पूर्ण स्वच्छ आवाज हवा असेल किंवा सगळे डिस्टॉर्शन पेडलमधून येत असेल तर जास्त राखीव ताकद लागते. फेंडर ट्विन रिव्हर्ब (८५ वॉट) आणि ट्रान्झिस्टरवर चालणारा रोलँड जेसी-१२० (१२० वॉट) जगभरच्या मंचांवर दिसतात ते याच कारणाने. ट्रान्झिस्टरचा ॲम्प मर्यादेपलीकडे गेला की कर्कश फाटतो, म्हणून त्यात १०० वॉटच्या आसपासचाच घ्यावा.

मॉडेलर (ॲम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारे यंत्र) वापरत असाल तर प्रश्न ॲम्पचा नाही, मॉनिटरचा, म्हणजे वाजवणाऱ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरचा आहे. आवाज थेट मिक्सरला जातो, पण मंचावरचा मॉनिटर खराब निघाला तर तुम्हाला स्वतःचे काहीच ऐकू येत नाही. स्वतःचा पॉवर्ड फुल-रेंज स्पीकर किंवा इन-इअर (कानात घालायचे मॉनिटर) सोबत ठेवा. कॅबिनेट सिम्युलेशन (गिटारच्या स्पीकर-पेटीच्या आवाजाची नक्कल) फुल-रेंज स्पीकरला चालू आणि गिटार कॅबिनेटला बंद ठेवायचे. हे उलटे झाले की पहिल्यात आवाज माशीसारखा गुणगुणतो, दुसऱ्यात दबलेला येतो.

ॲम्प पाहायला जाताना स्वतःची गिटार आणि पेडलबोर्ड न्या, शक्य असेल तर ड्रमर असलेली तालमीची खोली गाठा. सगळे टोन नॉब मध्यावर ठेवा. ॲम्पपासून ३-४ मीटर लांब उभे राहा. पायाशी ठेवलेल्या ॲम्पचा आवाज गुडघ्यांना ऐकू जातो, कानांना नाही. ब्रिज पिकअपवर जोरात कॉर्ड मारत व्हॉल्यूम वाढवा आणि ड्रमच्या पातळीला पोचण्याआधी आवाज फाटतो का ते बघा. मग गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणून गेन (ॲम्पमध्ये सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) वाढवा आणि घरघर ऐका. डिले आणि रिव्हर्बची पेडल इफेक्ट्स लूपमध्ये (टोन घडवणारा प्रीॲम्प आणि ताकद देणारा पॉवर ॲम्प यांच्या मधल्या जोडणीत) लावून पाहा. काही लूपची पातळी पेडलना जास्त होते, मग पेडलच फाटायला लागते. पातळी बदलायचा स्विच असेल तर उत्तम. ट्यूब ॲम्प अर्धा तास तापू द्या आणि लहान प्रीॲम्प ट्यूबवर पेन्सिलने हलकेच टिचकी मारा. घंटेसारखा आवाज घुमला तर ती ट्यूब बदलावी लागेल.

घरी जमवलेला टोन मंचावर चालत नाही. कमी आवाजात कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात म्हणून आपण ते वाढवून ठेवतो. मोठ्या आवाजात तोच बेस बास गिटारवर चढतो आणि ट्रेबल टोचतो. मंचावर बेस आणि गेन कमी, मिड (मधले सूर) जास्त. मिड नॉबमध्ये दम नसलेला ॲम्प घेऊ नका, मग घरी तो कितीही गोड वाजो.

१२ इंची स्पीकर वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर फेकतो. ॲम्प तिरपा करायचा स्टँड घ्या आणि झोत स्वतःच्या कानांकडे वळवा. पहिल्या रांगेचे कान वाचतात, आणि साउंड इंजिनिअर ‘गिटार कमी करा’ म्हणायचा थांबतो. मागून उघडे कॅबिनेट मंचभर पसरते, पण ड्रमच्या माइकमध्येही शिरते. बंद कॅबिनेट त्या मानाने शिस्तीत वागते. माइक, समजा शुअर एसएम५७, जाळीपासून २-३ सेंटिमीटरवर, मधली टोपी आणि कागदी कोन जिथे मिळतात तिथे लावतात. कडेकडे सरकवले की आवाज गडद होतो. ती जागा सापडली की जाळीवर टेपची खूण करून ठेवा.

हेड (स्पीकर नसलेला ॲम्प) आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) वेगळे घेत असाल तर दोन्हींवरचे ओहम (विद्युत रोधाचा आकडा) जुळवा. १६ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की ८ होतात, ८ची दोन जोडली की ४. ट्यूब हेड स्पीकर न जोडता कधीही वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. मधली वायर स्पीकर केबलच हवी. गिटारची केबल बारीक असते, ती तापते. मिक्सरला थेट जोडायला कॅबिनेट सिम्युलेशन असलेला डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) आउट असावा. स्पीकरचा आउट साध्या डीआय बॉक्समध्ये घालायचा नाही.

घरघर आली तर डीआयचा ग्राउंड लिफ्ट स्विच दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढणे हा उपाय नव्हे. त्यात वाजवणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. सोबत ॲम्पच्याच रेटिंगचे दोन फ्यूज, एक १२एएक्स७ प्रीॲम्प ट्यूब आणि जुळवलेल्या पॉवर ट्यूबचा संच असावा. फिक्स्ड बायसच्या ॲम्पमध्ये पॉवर ट्यूब बदलल्या की बायस (पॉवर ट्यूबमधून वाहणारा स्थिर प्रवाह) तंत्रज्ञाकडून लावून घ्यावा लागतो, म्हणून तो संच आधीच घालून तपासलेला असलेला बरा.

ॲम्प आयोजक पुरवणार असतील तर मागणीपत्रात एकच मॉडेल न लिहिता पहिली आणि दुसरी पसंती लिहा, आणि पेडलबोर्डवर एक प्रीॲम्प पेडल ठेवा. मनातला ॲम्प आला नाही तर ते पेडल समोर आलेल्या ॲम्पच्या इफेक्ट्स रिटर्नमध्ये (लूपच्या परतीच्या सॉकेटमध्ये) लावायचे. मग त्याच्या प्रीॲम्पशी आणि टोन नॉबशी तुमचा संबंध राहत नाही.