कॉम्प्युटर चालू व्हायला १० मिनिटं? विंडोज मारायच्या आधी या चुका टाळा

डेस्कटॉप कॉम्प्युटर चालू व्हायला वेळ लागायला लागला की आपल्याकडं परभणीपासून पार उदगीरपर्यंत एकच औषध सांगतात, "विंडोज मारून घ्या," म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकून घ्या. सांगणारा कॅबिनेट उघडत नाही, हार्डडिस्क कधीची आहे विचारत नाही, पेनड्राइव्ह लावतो, फॉरमॅट मारतो, पैसे घेतो आणि जातो. चार-आठ दिवस मशीन बरं चालतं, मग पुन्हा तेच रडगाणं. दुकानात येणाऱ्या मशीनमध्ये ह्याच ह्याच चुका बघून वैताग आलाय, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

वेळ कुठं जायलाय हेच बघत नाहीत

सगळ्यात आधी मोबाईलमधलं स्टॉपवॉच काढा आणि बटण दाबल्यापासून बघत बसा. कंपनीचा लोगो यायलाच उशीर होत असेल तर विंडोजचा त्यात काही दोष नाही, तिथं मदरबोर्ड (कॅबिनेटमधलं मुख्य सर्किट), त्यावरचा सेल नाहीतर मागं लावून ठेवलेलं काहीतरी आडवं येतंय. लोगो पटकन येतो पण ते गोल ठिपकेच फिरत बसतात, तर संशय डिस्कवर, नाहीतर एखाद्या ड्रायव्हरवर, म्हणजे मशीनचा एखादा भाग विंडोजकडून चालवून घेणाऱ्या प्रोग्रामवर. आणि डेस्कटॉप दिसतो पण कशावरही क्लिक केलं तर हूं की चूं नाही, तर सोबत चालू होणारे प्रोग्राम, अँटीव्हायरस आणि कमी रॅम. ह्या तीन गोष्टींची औषधं वेगवेगळी आहेत, आणि लोक तिन्हींवर फॉरमॅटच मारतात.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो, त्यात स्टार्टअपच्या पानावर वर उजव्या कोपऱ्यात 'लास्ट बायोस टाइम' असं सेकंदात लिहिलेलं असतं. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारा, मदरबोर्डमधलाच छोटा प्रोग्राम. विंडोजच्या हातात कारभार यायच्या आधी किती वेळ गेला ते तिथं कळतं. जुन्या लेगसी बायोसच्या मशीनवर हा आकडा दिसत नाही, तिथं आपलं स्टॉपवॉचच खरं.

ज्यांना अजून खोलात जायचंय त्यांनी विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडावा, त्यात ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल असं आत आत जावं. १०० नंबरच्या नोंदीत चालू व्हायला किती वेळ लागला ते मिलिसेकंदात असतं. १०१ नंबरला कोणत्या प्रोग्रामनं उशीर केला, १०२ ला कोणत्या ड्रायव्हरनं आणि १०३ ला कोणत्या सर्व्हिसनं (मागं गुपचूप चालणाऱ्या प्रोग्रामनं), नावासकट. मशीन स्वतः सांगायलंय की कोण आडवं आलंय, आणि आपण अंदाजानं काड्या करत बसतो!

मरायला टेकलेल्या हार्डडिस्कवर विंडोज मारणं

ह्या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ह्यात माणसाचा डेटा जातो.

एक रुपयात पीक विमा भरायचा त्या काळातली गोष्ट. जुलै महिना, जिंतूर रोडवरचं एक सेवा केंद्र, दारात शेतकऱ्यांची ही गर्दी. चालवणारा पोरगा फोनवर म्हणला, "भाऊ, मशीन चालूच होईना लवकर, सकाळी बटण दाबून चहा पिऊन आलो तरी फिरायलंच, लोक दारात बसलेत." गेलो तर कळलं की त्याच महिन्यात आधी दोनदा विंडोज मारून झाली होती. मारणाऱ्यानं डेस्कटॉपवर काय आहे ते विचारलं सुद्धा नव्हतं, आणि ह्या पोराचं सगळं डेस्कटॉपवरच, सातबारे, आधार, पासबुकं, पीक पेऱ्याची स्वयंघोषणापत्रं, सगळे स्कॅन. सी ड्राइव्ह फॉरमॅट झाला म्हणजे डेस्कटॉप गेला, कारण डेस्कटॉप सी मध्येच असतो, हे अजूनही कित्येक जणांना माहीत नाही.

मी आधी कॅबिनेटला कान लावला. आतून टक, मग शांत, मग पुन्हा टक. टास्क मॅनेजर उघडायलाच दोन-तीन मिनिटं गेली, उघडला तर डिस्क १०० टक्के आणि खाली वेग बघितला तर एक एमबीसुद्धा नाही. आता हे नीट समजून घ्या. हार्डडिस्क चांगली असली तरी चालू होताना ती थोडा वेळ १०० टक्क्याला जाते, त्यात घाबरायचं काही नाही, पाच-एक मिनिटांत खाली येते. पण डिस्कच्या पानावर 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' असतो, तो जर हजारो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंद-सेकंदावर जाऊन बसला असेल आणि वेग काहीच नसेल, तर डिस्क खराब जागेवर अडकून तोच भाग पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करायलीय. विंडोज बिचारी उत्तराची वाट बघत थांबते. तुम्हाला बाहेरून फक्त ठिपके फिरताना दिसतात.

मग पेनड्राइव्हवरून क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर चालवलं. फुकट आहे, छोटं आहे, प्रत्येकानं जवळ ठेवावं. पिवळं 'कॉशन' आलं. खाली ०५ नंबरची ओळ म्हणजे डिस्कनं खराब म्हणून बदलून टाकलेली जागा, सी ५ (C5) नंबरची म्हणजे वाचता न येणारी, निर्णय व्हायची राहिलेली जागा. दोन्हींत आकडे भरलेले. अशी डिस्क फॉरमॅट केली की नवी विंडोज कधी कधी चांगल्या जागेवर जाऊन बसते म्हणून चार दिवस बरं वाटतं, मग लिहिणं-वाचणं पुन्हा खराब भागात गेलं की पहिले पाढे पंचावन्न.

पोरगा म्हणला, "चेकडिस्क लावू का रात्रभर?" मी म्हणलं, हात लावू नको. चेकडिस्क ही विंडोजची डिस्क तपासायची कमांड, ती '/r' जोडून लावली की ते डिस्कचा कोपरा न कोपरा वाचत जातं, तासन् तास, आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाते. आधी डेटा, मग बाकी सगळं. डिस्क काढली, माझ्या मशीनला लावली आणि महत्त्वाचं फोल्डर आधी अशा क्रमानं थोडं थोडं काढलं. डी ड्राइव्हचं बरंचसं निघालं. डेस्कटॉपचे स्कॅन दोनदा विंडोज मारल्यामुळं वरून लिहिले गेले होते, ते नाही निघाले. ज्यांचे अर्ज भरायचे राहिले होते ती माणसं पुन्हा कागदं घेऊन आली, त्यात एक म्हातारी होती, पिशवीत पासबुक घेऊन पुन्हा सगळा रस्ता तुडवत. पहिल्याच दिवशी कुणीतरी दोन मिनिटं डिस्क तपासली असती तर तिचा हेलपाटा वाचला असता.

दर वेळी डिस्कच जाते असंही नाही. सी ७ नंबरचा आकडा वाढत असेल आणि ०५, सी ५ शून्य असतील तर बहुतेक वेळा डेटा केबल ढिली नाहीतर खराब असते. केबल बदलायची, काम झालं. हा आकडा नंतर कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो, म्हणून तो लिहून ठेवायचा आणि आठवड्यानं पुन्हा बघायचा.

व्हिडिओ बघून केलेल्या करामती

"ही सेटिंग करा, कॉम्प्युटर रॉकेट होईल" असले व्हिडिओ बघून पोरं एमएसकॉन्फिग, म्हणजे विंडोज कशी चालू व्हावी ह्याच्या सेटिंगची खिडकी, उघडतात, बूटमध्ये जाऊन 'नंबर ऑफ प्रोसेसर्स' ला टिक मारून ४ करतात आणि खूश होतात. अरे बाबांनो, ती सेटिंग प्रोसेसर कमी करून तपासण्यासाठी दिलेली आहे. टिक नसली तरी विंडोज सगळे कोर वापरतेच. शेजारी 'मॅक्झिमम मेमरी' ची टिक आहे ती तर अजून वाईट, तिथं आकडा चुकला तर असलेली रॅम विंडोजला दिसतच नाही. ८ जीबीची रॅम आणि विंडोज २ जीबीवर रखडत चालायलीय असं मशीन आलं की मी पहिली ती टिक बघतो.

दुसरं म्हणजे प्रीफेच फोल्डर रोज डिलीट करणं. टेम्प फोल्डरमधल्या तात्पुरत्या फाइली साफ करा, त्याला माझी हरकत नाही, जागा मोकळी होते. पण प्रीफेचमध्ये विंडोज लिहून ठेवते की चालू होताना आणि प्रोग्राम उघडताना कोणत्या फाइली कोणत्या क्रमानं लागतात. किराणा दुकानदारानं रोजचं गिऱ्हाईक ओळखून माल हाताशी मांडून ठेवावा आणि आपण रात्री तो सगळा उचलून गोदामात टाकावा, तसं ते आहे. उडवलं की पुढच्या वेळी उलट उशीर लागतो.

रजिस्ट्री क्लीनर, पीसी बूस्टर, ड्रायव्हर अपडेटर, ह्यांच्याबद्दल एका ओळीत सांगतो: काढून टाका. ते स्वतःच स्टार्टअपला जाऊन बसतात.

दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवू नका. विंडोजसोबत येणारं डिफेंडर बहुतेकांना पुरतं.

स्टार्टअप बंद करताना आंधळेपणा

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये जाऊन सरसकट सगळं डिसेबल मारणारे पण बघितलेत, मग दुसऱ्या दिवशी फोन येतो की अंगठ्याचं मशीन चालेना, डिजिटल सही लागेना. सेवा केंद्रात ते प्रोग्राम लागतातच. आवाजाचं, अंगठ्याचं आणि डिजिटल सहीचं राहू द्या, बाकी चॅटचे, गेमचे, पीडीएफवाल्यांचे अपडेटर, कधीकाळी होता त्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर, हे सगळं बंद करा. 'हाय इम्पॅक्ट' लिहिलेलं आधी. एक बंद करा, रीस्टार्ट करा, बघा. घाई करणाऱ्यांना हे आवडत नाही, पण एकदम दहा बंद केले तर दोष कुणाचा होता हे कळणार कसं?

डीटीपीवाल्यांनी फॉन्टचा ढीग कमी करावा. लग्नपत्रिकेसाठी म्हणून कुणीतरी दिलेली सीडीची सीडी फॉन्टच्या फोल्डरमध्ये ओतून ठेवतात, मग कोरल ड्रॉ उघडायला जीव जातो. वापरातले ठेवा, बाकी डी मध्ये.

आणि रॅम. ४ जीबीवर विंडोज १० चालते, पण क्रोम उघडलं की संपलं. कॅबिनेटमध्ये दुसरा स्लॉट मोकळा असेल तर तिथं जोडीची रॅम टाका, मात्र बोर्डाला कोणत्या पिढीची रॅम लागते, डीडीआर ३ की ४, ते आधी बघून घ्या.

भिंतीवरच्या बोर्डाचं बटण खाडकन बंद करणं

आपल्याकडं लाईटचा भरवसा नाही, म्हणून यूपीएस हवाच. ज्याची बॅटरी फुगलीय आणि लाईट गेली की दोन सेकंदात टूं करून बंद पडतो तसला नको. पण लाईट असताना सुद्धा लोक काय करतात, शटडाउन देतात, स्क्रीन काळी झाली की लगेच भिंतीवरचं बटण बंद. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलंय, त्यात बंद होताना विंडोज स्वतःचा गाभा डिस्कवर लिहून ठेवते म्हणजे दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलता येईल. स्क्रीन काळी झाल्यावर सुद्धा हे लिहिणं चालू असू शकतं. मधेच लाईट तोडली की ते वाया गेलं, वर फाइली बिघडून पुढच्या वेळी दुरुस्तीचं निळं-काळं पान यायची भीती. कॅबिनेटचा दिवा विझू द्या, पंखा थांबू द्या, मग बटण.

ह्याच फास्ट स्टार्टअपमुळं आणखी एक होतं. शटडाउन करून चालू केलं तरी जुनी घाण तशीच राहते, कारण गाभा नव्यानं चालू झालेलाच नसतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर 'अप टाइम' बघा, रोज बंद करणाऱ्यांचा सुद्धा तिथं कित्येक दिवसांचा दिसतो. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, आठवड्यातून एकदा रीस्टार्ट मारा. रीस्टार्टला सगळं पहिल्यापासून होतं.

मदरबोर्डवरचा सेल

मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर २०३२ सेल असतो, ३ व्होल्टचा. तो बसला की तारीख मागं जाते, सेटिंग उडते, 'एफ १ दाबा' म्हणून मशीन अडून राहतं, आणि तारीख चुकल्यामुळं सरकारी साइट पण उघडत नाहीत. दुकानात रोज रात्री मेन बंद करतात तिथं हा सेल लवकर संपतो, कारण लाईट असताना बोर्ड एसएमपीएसकडून (कॅबिनेटमधल्या वीज देणाऱ्या डब्याकडून) ओढतो आणि नसताना ह्या सेलवरून. सेल स्वस्त आहे, पण टाकल्यावर बायोसमध्ये जाऊन बूटचा क्रम आणि सेटिंग पुन्हा लावायला विसरू नका. आणि मागं लावून ठेवलेला पेनड्राइव्ह, जुनी बाहेरची हार्डडिस्क काढून बघा, काही बोर्ड आधी तिकडंच शोधत बसतात.

एसएसडी टाकली पण उलटी

हार्डडिस्क असेल तर एसएसडीइतका (फिरत्या चकतीऐवजी चिपवर चालणाऱ्या डिस्कइतका) फरक दुसऱ्या कशानंच पडत नाही, हे मी छातीठोक सांगतो. साधी साटा एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कसारखीच केबलनं लागणारी, घ्या. एच ६१ चिपसेटचे जुने मदरबोर्ड आपल्याकडं अजून खूप आहेत, त्याला एम २ चा स्लॉटच नसतो आणि लोक त्या स्लॉटमध्ये बसणारी एनव्हीएमई एसएसडी ऑनलाइन मागवून घेऊन येतात. ह्या बोर्डवर साटाचा वेग निम्माच मिळतो, ३ गिगाबिट, तरी सुद्धा हार्डडिस्कपेक्षा ती कितीतरी पुढं असते.

विंडोज मारताना जुनी हार्डडिस्क काढून ठेवा. लावलेली असली की विंडोज एसएसडीवर जाते पण बूटचा भाग कधी कधी जुन्या डिस्कवरच राहतो, मग जुनी डिस्क गेली की चांगली एसएसडी असून मशीन उठत नाही. बायोसमध्ये साटाचा मोड (बोर्डानं डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय करा आणि तो विंडोज मारायच्या आधी करा, नंतर नुसता बदलला तर निळी स्क्रीन येते. सगळं झाल्यावर जुनी डिस्क डेटासाठी लावा, तीसुद्धा क्रिस्टलडिस्कइन्फोत निळं 'गुड' दिसत असेल तरच. आणि एसएसडीला डीफ्रॅगचं कुठलंही बाहेरचं सॉफ्टवेअर लावू नका, तिला लागणारं ट्रिम, म्हणजे पुसलेली जागा मोकळी झाल्याचं तिला कळवणं, विंडोज आपलं आपण करते.