अमेरिकेत कॉलेजसाठी सरकारी कर्ज किंवा ग्रँट घेताय? काउन्सेलिंगमधल्या या चुका टाळा

ऑगस्ट उजाडला की अमेरिकेतल्या मराठी घरांमधून एक तक्रार हमखास ऐकू येते. कर्ज मंजूर झालंय, कॉलेजच्या पोर्टलवर रक्कमही दिसतेय, मग फी का भरली जात नाही? बहुतेक वेळा घोडं एकाच ठिकाणी अडलेलं असतं: एन्ट्रन्स काउन्सेलिंग, म्हणजे कर्ज हातात येण्याआधी करायचं ऑनलाइन मार्गदर्शन, झालेलं नसतं. सरकारी डायरेक्ट लोन पहिल्यांदा घेणाऱ्या विद्यार्थ्याने ते पूर्ण केल्याशिवाय कॉलेजला पैसे सोडताच येत नाहीत, असा फेडरल नियम आहे. काम वीस-तीस मिनिटांचं, फुकट आणि घरबसल्या होणारं. तरीही त्यात चुका होतात आणि काही चुका पुढे हजारो डॉलरना पडतात.

आधी बघा, हे तुम्हाला लागू आहे का

पुण्याहून किंवा नागपूरहून एफ-वन व्हिसावर येणाऱ्या विद्यार्थ्यांना हे कर्ज मिळतच नाही. त्यामुळे त्यांनी स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी साइटवर काउन्सेलिंग करत बसण्यात अर्थ नाही. एच-फोरवर, म्हणजे आईवडिलांच्या वर्क व्हिसाशी जोडलेल्या व्हिसावर, लहानपणी आलेल्या, इथेच शाळा शिकलेल्या मुलांचंही तेच. ग्रीन कार्डच्या रांगेत कुटुंबाची कितीही वर्षं गेलेली असोत, कार्ड हातात येईपर्यंत फेडरल मदत नाही. हे बारावीच्या वर्षात कळण्यापेक्षा दोन-तीन वर्षं आधी कळलेलं बरं, कारण मग राज्याची आणि कॉलेजची स्वतःची मदत शोधायला वेळ मिळतो.

पेल ग्रँट, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी आणि सहसा परत न करायची सरकारी मदत, हिच्याबद्दलही गोंधळ असतो. नुसती पेल ग्रँट घेणाऱ्याला फेडरल नियमाने काउन्सेलिंग सक्तीचं नाही. पेल घेणाऱ्यांसकट सगळ्यांना दरवर्षी काउन्सेलिंग लावावं असं विधेयक २०१८ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने मंजूर केलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. साइटवर दिसणारं ‘अ‍ॅन्युअल स्टुडंट लोन अ‍ॅक्नॉलेजमेंट’ ऐच्छिक आहे. ते केलं म्हणजे एन्ट्रन्स काउन्सेलिंग झालं असं होत नाही, आणि अनेकांची गल्लत नेमकी इथे होते. माझ्या मते ते दरवर्षी करावंच. आजवर एकूण किती कर्ज झालं हा आकडा विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर येतो, तेवढ्यासाठी दहा मिनिटं द्यायला काहीच हरकत नाही.

मुलाच्या जागी बाबा बसतात

मला सर्वांत जास्त खटकणारी चूक ही आहे. मुलगी ओरिएंटेशनच्या गडबडीत असते. बाबा म्हणतात, “तुझा पासवर्ड दे, मी करून टाकतो.” आणि पटापट ‘नेक्स्ट’ दाबून मोकळे होतात. स्टुडंटएडच्या खात्याचं लॉगिन म्हणजे कायद्याने मुलीची सही आहे, ती दुसऱ्याने वापरायची नाही, अगदी आईवडिलांनीसुद्धा. आणि सहीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी कर्ज मुलीच्या नावावर आहे, फेडणार ती आहे. कर्जाबद्दल तिच्याशी कुणी नीट, आकड्यांत बोलेल असे प्रसंग चार वर्षांत दोनच: कॉलेजात शिरताना आणि बाहेर पडताना. त्यातला एक आपण प्रेमापोटी तिच्याकडून काढून घेतो.

त्याऐवजी तिच्या शेजारी बसा. एकच आकडा तिला स्वतः काढायला लावा. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५०० डॉलर मिळतात. त्यातले फार तर ३,५०० सबसिडाइज्ड असू शकतात, म्हणजे शिक्षण चालू असेपर्यंत त्यांचं व्याज सरकार भरतं. पण घरात दोन चांगले पगार असले की गरजेचा निकष सहसा बसत नाही आणि सगळी रक्कम अनसबसिडाइज्ड येते. त्यावर पैसे सुटल्या दिवसापासून व्याज चढतं. २०२५-२६ चा दर ६.३९ टक्के आहे. म्हणजे ५,५०० वर वर्षाला साधारण ३५० डॉलर. पदवी हातात येईपर्यंत एकट्या पहिल्या वर्षाच्या कर्जाचं व्याज हजाराच्या पुढे गेलेलं असतं. मुलीने हे स्वतः मांडून पाहिलं की ‘ऑफर झालंय तेवढं सगळं घेऊ’ हा विचार बहुधा तिथेच थांबतो.

केलं, तरी ‘पेंडिंग’ का दिसतं?

पहिलं कारण: मध्येच सोडलं. काउन्सेलिंग एका बैठकीत पूर्ण करावं लागतं. अर्धं करून लॅपटॉप मिटला, तर पुन्हा पहिल्यापासून.

दुसरं: कॉलेज निवडलंच नाही किंवा चुकीचं निवडलं. मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीचे पाच-सात कॅम्पस असतात आणि यादीत नावं जवळजवळ सारखी दिसतात. ज्या कॅम्पसला प्रवेश आहे त्यालाच कळवलं गेलं पाहिजे.

तिसरं: प्रकार चुकला. एमएसला जाणाऱ्या ग्रीन कार्डधारकाने अंडरग्रॅज्युएटचं काउन्सेलिंग केलं तर ते धरलं जाईलच असं नाही.

चौथं खास आपलं: नाव. सोशल सिक्युरिटी कार्डावर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून आहे, की तेच पहिल्या नावाला जोडून छापलंय, ते कार्ड हातात घेऊन बघा. खातं उघडताना कार्डावर आहे तसंच्या तसं लिहा. नाव, जन्मतारीख आणि नंबर जुळला नाही तर खात्याची पडताळणी अडते आणि पुढचं सगळंच खोळंबतं.

पूर्ण झाल्याची पावती पीडीएफ करून ठेवा आणि आपल्या खात्यातल्या ‘माय अ‍ॅक्टिव्हिटी’मध्ये नोंद दिसते का पाहा. नोंद दिसत असूनही आठवडाभर पोर्टल हललं नाही, तर फायनान्शियल एड ऑफिसला तीच पावती जोडून मेल करा. पैसे मागणारी कुठलीही साइट मात्र लगेच बंद करा. हे काउन्सेलिंग फुकट आहे.

सगळं बरोबर असूनही पैसे न येण्याचं एक कारण नियमातच आहे. पहिल्या वर्षाच्या, पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्या विद्यार्थ्याला काही कॉलेजं सत्र सुरू झाल्यावर ३० दिवसांनीच पैसे देऊ शकतात. तुमचं कॉलेज त्यात आहे का ते जुलैतच विचारा, म्हणजे पुस्तकांची आणि भाड्याची सोय आधी करता येते.

प्रॉमिसरी नोट वेगळी, काउन्सेलिंग वेगळं

एक केलं म्हणजे दुसरं होत नाही, दोन्ही लागतात. मास्टर प्रॉमिसरी नोट हा कर्जाचा करार, आणि सहसा त्याच एका सहीवर १० वर्षांपर्यंत दरवर्षी कर्ज निघत राहतं. त्यात दोन ओळखीच्या व्यक्तींची नावं मागतात. आपल्याकडे सरळ आई आणि बाबा लिहिले जातात. पण दोघांचे पत्ते वेगळे हवेत आणि अमेरिकेतले हवेत, त्यामुळे पुण्याची मावशी चालत नाही. न्यू जर्सीचा काका चालतो. ही माणसं जामीनदार नव्हेत, विद्यार्थ्याचा पत्ता लागला नाही तर त्यांना फोन जातो एवढंच. काकाला हे आधी सांगून ठेवा.

‘रिफंड’ आला म्हणून खूश होऊ नका

कर्ज आधी कॉलेजच्या खात्यात जातं, फी वळती होते आणि उरलेले पैसे विद्यार्थ्याच्या हातात येतात. पोर्टलवर त्याला ‘रिफंड’ म्हणतात, पण ते परत मिळालेले पैसे नसून उधारीच असते. नको असेल तेवढी रक्कम पैसे सुटल्यापासून १२० दिवसांत परत केली, तर त्या भागाचं व्याज आणि कर्जाची फी लागत नाही. ही सवलत फार थोडे लोक वापरतात.

पालकांच्या नावावरचं पेरेंट प्लस कर्ज हे कायमचं पालकांचंच कर्ज. ‘नोकरी लागली की पोरगा फेडेल’ हा घरातला शब्द झाला, सरकारदरबारी ते मुलाच्या नावावर करता येत नाही. क्रेडिट खराब असूनही कर्ज मिळवायचं असेल तर पालकांनाही वेगळं प्लस क्रेडिट काउन्सेलिंग करावं लागतं. १ जुलै २०२६ पासूनच्या नव्या नियमांत या कर्जाला दर विद्यार्थ्यामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आहे. मोठ्या भावंडाच्या वेळचा अनुभव धाकट्याला लावू नका.

टीच ग्रँट: इथे काउन्सेलिंग दरवर्षी, आणि जपून

शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांना वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत मिळणारी ही ग्रँट नावाने ग्रँट असली तरी अटीने बांधलेली आहे. शिक्षण संपल्यापासून ८ वर्षांच्या आत ४ वर्षं, पूर्णवेळ, कमी उत्पन्न गटातल्या शाळेत, आणि गणित, विज्ञान, विशेष शिक्षण, परकीय भाषा अशा टंचाई असलेल्या विषयात शिकवायचं. दरवर्षी काउन्सेलिंग करायचं आणि सेवेच्या करारावर दरवर्षी नव्याने सही करायची.

मागच्या वर्षी केलं होतं म्हणून या वर्षी नको, असं समजून लोक थांबतात आणि ग्रँट अडते. खरं नुकसान पुढे होतं. तीन वर्षं शिकवून चौथ्या वर्षी नोकरी बदलली आणि ८ वर्षांची मुदत निघून गेली, तर सगळी ग्रँट अनसबसिडाइज्ड कर्ज होते. तीन वर्षांच्या सेवेचे काही कमी होत नाहीत, आणि व्याज धरतात ते ग्रँट पहिल्यांदा हातात आली तेव्हापासूनचं. निव्वळ कागदपत्रं उशिरा गेल्यामुळेही पूर्वी हजारो शिक्षकांच्या ग्रँट कर्जात गेल्या. २०१८ च्या शेवटी शिक्षण खात्याने अशा प्रकरणांचा फेरविचार सुरू केला आणि नंतर नियमही सैल झाले. तरी सेवेची प्रमाणपत्रं वर्षाच्या वर्षी पाठवत राहा, प्रत स्वतःकडे ठेवा. नोकरी स्वीकारण्याआधी शाळा कमी उत्पन्न गटाच्या सरकारी यादीत त्या वर्षी आहे का, आणि आपल्या तासांपैकी बहुतांश तास त्या विषयाचे आहेत का, हे दोन्ही तपासा.

बाहेर पडतानाचं काउन्सेलिंग

एक्झिट काउन्सेलिंग फक्त पदवी घेताना असतं हा समज चुकीचा आहे. कॉलेज सोडलं, बदललं किंवा हाफ-टाइमच्या खाली गेलं तरी ते लागतं. हाफ-टाइम म्हणजे अंडरग्रॅज्युएटसाठी सहसा ६ क्रेडिट. नोकरी करून ६ क्रेडिट घेणाऱ्याने एक विषय सोडला की ३ उरतात, आणि त्याच दिवसापासून ६ महिन्यांचा ग्रेस पीरियड, म्हणजे हप्ते सुरू होण्याआधीची सवलतीची मुदत, सुरू होतो. तो प्रत्येक कर्जाला एकदाच मिळतो. म्हणून विषय सोडण्याआधी फायनान्शियल एड ऑफिसला विचारा. सत्राचा ६० टक्के काळ उलटण्याआधी सगळंच सोडलं, तर पेल ग्रँटचाही काही भाग परत करावा लागू शकतो.

दुसरी चूक मेलची. नोटीस कॉलेजच्या मेलवर येते आणि पदवीनंतर काही दिवसांनी तो मेल बंद होतो. शेवटच्या सत्रातच स्टुडंटएड खात्यात आणि लोन सर्व्हिसरकडे, म्हणजे सरकारतर्फे हप्ते घेणाऱ्या कंपनीकडे, स्वतःचा कायमचा मेल आणि फोन नोंदवा. सर्व्हिसर मध्येच बदलतो, तेव्हा जुनी ऑटोपे व्यवस्था नव्याकडे आपोआप गेली असेल असं धरून चालू नका, पहिला हप्ता खरंच कापला गेला का ते बघा. ९० दिवस हप्ता थकला की क्रेडिट रिपोर्टवर नोंद होते आणि २७० दिवसांनी कर्ज डिफॉल्टमध्ये, म्हणजे बुडवलेल्या कर्जांत, जातं. हप्ता झेपणार नाही असं दिसलं, तर हप्ता चुकायच्या आधीच सर्व्हिसरला फोन करून उत्पन्नावर आधारित योजनेचा अर्ज मागा. डिफॉल्टमध्ये गेल्यावर तो पर्याय कर्ज त्यातून बाहेर काढल्याशिवाय मिळत नाही.