टर्बो गाडी ओढत नाही? आधी एअरफ्लो सेन्सर बघा
कापसाच्या हंगामात यवतमाळकडच्या कच्च्या रस्त्यांवर एअर फिल्टर धुळीने भरतोच. त्यात तेल लावलेला स्पोर्ट्स फिल्टर असला, की जास्तीचं तेल एअरफ्लो सेन्सरच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या, तारेवर बसतं. मला तर तो प्रकार इकडे नकोच वाटतो. पिकअप गेला, आयडल (गाडी उभी असताना इंजिनाचा वेग) डुलतोय? आधी हवेच्या रबरी होजची क्लिप ढिली नाही ना, ते बघा. मग गाडी बंद करून सेन्सरचं सॉकेट काढा आणि पुन्हा सुरू करा. चेक इंजिनचा दिवा लागेल, लागू द्या. गाडी आधीपेक्षा बरी चालली, तर संशय सेन्सरवरच. गाडीला जोडायच्या स्कॅनरवर दोन लिटरच्या गरम पेट्रोल इंजिनाला आयडलवर साधारण २ ते ४ ग्रॅम हवा प्रति सेकंद दिसावी. तार केसासारखी बारीक असते. बोट, फडकं, कार्बोरेटर क्लीनर काहीच नको. एमएएफ क्लीनर मारा आणि पूर्ण सुकल्यावरच सॉकेट लावा.