गवे खाली उतरायच्या आत चारा-पाणी बंदोबस्तात घ्या, टीबीचा विषय आहे

राधानगरी, आजरा, चंदगड पट्ट्यातल्या जंगलाकडेच्या पशुपालकांनी हे जरूर वाचा. एप्रिल-मेत रानातलं पाणी आटलं की गवे वस्तीकडे येतात, रात्री कडब्याच्या गंजीला तोंड लावतात, टाकीवर पाणी पितात आणि सकाळी त्याच टाकीवर आपली म्हैस. पिकाच्या नुकसानीवर आपण भांडतो, रोगाचं मात्र कुणी बोलत नाही.

गुरांचा टीबी खोकल्यातून पसरतो तसाच लाळ लागलेल्या चाऱ्यातूनही पसरतो. अमेरिकेत मिशिगनला १९९४ मध्ये शिकाऱ्याने मारलेल्या एका हरणात तो सापडला, पुढं तपासत गेले तर कळपांतच मुरलेला निघाला, कारण लोक थंडीत हरणांसाठी बीट, गाजर, मक्याचे ढीग टाकायचे आणि सगळ्यांची तोंडं एकाच ढिगात. तिथून तो गाईंच्या गोठ्यात शिरला, आणि तिथल्या हरणांत तो आजही सापडतो. आफ्रिकेत क्रूगरच्या जंगलात उलटं झालं, शेजारच्या गुरांकडून तो रानम्हशींत गेला आणि त्या खाऊन सिंहांना झाला. म्हणजे धोका दोन्हीकडून आहे, आणि एकदा रानातल्या कळपात गेला की तो काढणं जवळपास अशक्य, गव्याला धरून कोण तपासणार?

म्हणून आत्ताच गंजीला तारेचं पक्कं कुंपण करा, पेंड बंद खोलीत ठेवा. गव्हाणीतलं उरलेलं वैरण बांधावर फेकू नका. चाटण वीट रात्री उघड्यावर टांगलेली राहते, ती आठवणीने आत घ्या, तिच्यावर लाळच लाळ असते. टाकी रिकामी करून घासा आणि उन्हात कोरडी होऊ द्या, हे जंतू सावलीत ओलाव्यात जास्त टिकतात. कीव येऊन गव्यांना चारा टाकू नका प्लीज.

खाऊनपिऊन खंगत चाललेलं, कोरडा खोकला असलेलं, गळ्याजवळ गाठी आलेलं जनावर लगेच वेगळं बांधा आणि १९६२ या सरकारी पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन लावा. डॉक्टर मानेच्या कातडीत टोचून ७२ तासांनी सूज मोजतात, तेवढे दिवस जनावर विकू नका, नवीन आणलेलंही तपासल्याशिवाय कळपात सोडू नका. मेलेला गवा दिसला तर हात न लावता वनखात्याला १९२६ वर कळवा.

हा टीबी कच्च्या दुधातून माणसालाही होतो, म्हणून दूध उकळूनच प्या, धारोष्ण तर नकोच, आणि घरात कुणाला दोन आठवडे खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी फुकट तपासतात, तिथं घरी गुरं आहेत हे पण सांगा.