गाणं गाजलं, गायक तिथेच: पॉप गायकांनो, या चुका टाळा

पॉप गायनात चूक होते एका टप्प्यावर आणि दुखायला लागते दोन टप्पे पुढे गेल्यावर. पहिल्या गाण्याच्या वेळी राहून गेलेली सही तिसऱ्या वर्षी रॉयल्टी अडवते, आणि घाईत मान्य केलेलं एखादं कलम मोठे शो मिळू लागल्यावर खिशाला भोक पाडतं. म्हणून खाली आधी लक्षण दिलं आहे, मग त्याचं मूळ. आवाज आणि रियाज चोख आहे असं धरलंय. तो नसेल तर यातलं काहीच कामाला येणार नाही.

लाखो वेळा ऐकलं गेलं, पैसे मात्र आले नाहीत

एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल म्हणजे रचना, आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण म्हणजे मास्टर. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर यांच्यासारखे वितरक, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग सेवांवर पोचवणाऱ्या कंपन्या, मुळात मास्टरचे पैसे आणून देतात. रचनेचे पैसे दुसऱ्या वाटेने येतात: गीतकार-संगीतकारांच्या हक्क संस्था, प्रकाशक आणि अमेरिकेतल्या स्ट्रीमिंगच्या मेकॅनिकल रॉयल्टीसाठी (रचनेची प्रत तयार केल्याबद्दलचा मोबदला) 2021 पासून वाटप करणारी मेकॅनिकल लायसन्सिंग कलेक्टिव्ह (एमएलसी) ही संस्था. वितरकाकडे खातं उघडलं म्हणजे सगळं झालं, असं समजणाऱ्यांचे रचनेचे पैसे नोंदणीअभावी पडून राहतात.

नोंदणी करतानाही घोळ होतो, कारण कुणाचा वाटा किती हे ठरलेलंच नसतं. उपाय एका कागदाचा आहे. गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी, स्टुडिओतून बाहेर पडण्याआधी स्प्लिट शीट भरा: प्रत्येकाचं कायदेशीर नाव, रंगमंचावरचं नाव, हक्क संस्था, आयपीआय क्रमांक (हक्क संस्थेकडून रचनाकाराला मिळणारा ओळख क्रमांक), प्रकाशक, टक्के, सही आणि तारीख. बेरीज 100 च व्हायला हवी. तिघांत समान वाटणी असेल तर 33.33, 33.33 आणि 33.34 असं लिहा. गाणं चालल्यावर प्रत्येकाला आपला हातभार मोठा वाटू लागतो, दावे 100 च्या वर जातात आणि वाद मिटेपर्यंत पैसे अडकतात. प्रोड्यूसरला (रेकॉर्डिंग घडवणाऱ्याला) रचनेत वाटा आहे की मास्टरच्या उत्पन्नात, की दोन्हीत, हेही त्याच कागदावर स्वतंत्र ओळीत हवं.

दुसरा हमखास घोळ आयएसआरसीचा. हा 12 अक्षर-अंकांचा कोड प्रत्येक रेकॉर्डिंगची ओळख असतो. रीमिक्स किंवा अकूस्टिक आवृत्तीला नवा कोड लागतो. तेच रेकॉर्डिंग दुसऱ्या वितरकाकडे नेताना मात्र जुनाच. आधी नवीन वितरकाकडून तोच ऑडिओ, तोच कोड आणि तीच नावं देऊन गाणं चढवा, ते दिसू लागल्यावरच जुनं उतरवा. उलट केलं की ऐकल्याचे आकडे शून्यावर येऊ शकतात आणि प्लेलिस्टमधली जागा जाते.

तीस डॉलरची बीट

इंटरनेटवरून घेतलेल्या बीटवर (तयार वाद्यसंगीतावर) गायला काहीच हरकत नाही. लिल नास एक्स या अमेरिकन रॅपरने अवघ्या 30 डॉलरना घेतलेल्या बीटवरचं गाणं 2019 मध्ये बिलबोर्ड हॉट 100 या अमेरिकेतल्या गाण्यांच्या क्रमवारीच्या शिखरावर 19 आठवडे होतं. पण त्या बीटमध्ये नाइन इंच नेल्स या बँडच्या संगीताचा तुकडा होता आणि त्या बँडच्या ट्रेंट रेझ्नर व अॅटिकस रॉस यांना रीतसर श्रेय द्यावं लागलं. तिथे तडजोड झाली. द व्हर्व्ह या ब्रिटिश बँडला 1997 मध्ये तसं नशीब लाभलं नाही. त्यांनी वापरलेल्या ऑर्केस्ट्रा रेकॉर्डिंगची परवानगी घेतली होती, पण त्याखालच्या रोलिंग स्टोन्सच्या रचनेचे हक्क वेगळ्याच हातात होते. बँडचा गायक रिचर्ड अॅशक्रॉफ्ट याच्या गाण्याची रचनेची कमाई 2019 पर्यंत दुसरीकडे गेली.

म्हणून बीट विकत घेताना विचारा: यात सॅम्पल (दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगचा तुकडा) आहे का, असल्यास कुणाचं, आणि ते लेखी द्याल का? परवाना एक्सक्लुझिव्ह नसेल तर तीच बीट आणखी लोकांकडे असणार. अशा परवान्यात बऱ्याचदा स्ट्रीमची किंवा वर्षांची मर्यादा असते, ती संपली की नवा परवाना लागतो. आणि वितरकाच्या फॉर्ममध्ये यूट्यूब कंटेंट आयडीच्या (इतरांच्या व्हिडिओंतला तुमचा ऑडिओ आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेच्या) चौकटीवर टिचकी मारू नका. मारलीत तर त्या बीटवर गाणाऱ्या सगळ्यांच्या व्हिडिओंवर तुमच्या नावाने दावे जातील आणि भांडण तुमच्या दारात येईल.

प्रदर्शन झालं आणि कुणाला कळलंच नाही

मूळ जवळजवळ नेहमी घाईत असतं. गुरुवारी गाणं चढवून शुक्रवारी प्रदर्शित केलं तर स्पॉटिफायच्या संपादकांपर्यंत ते पोचत नाही. गाणं निदान 7 दिवस आधी पिच केलेलं, म्हणजे संपादकांकडे विचारासाठी पाठवलेलं असेल तर ते तुमच्या फॉलोअर्सच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या यादीत येतं. फाइल तपासण्याला वेळ लागतो, म्हणून प्रत्यक्षात तीन-चार आठवडे हाताशी ठेवा. एका वेळी एकच गाणं पिच करता येतं, तेव्हा सगळ्यात दमदार तेच निवडा.

फाइलबाबत थोडक्यात: वेव्ह, 44.1 किलोहर्ट्झ, 24 किंवा 16 बिट. मुखपृष्ठ चौरस, 3000 बाय 3000 पिक्सेल. मास्टरिंगमध्ये (रेकॉर्डिंगवरच्या शेवटच्या संस्कारात) आवाज ठासून भरण्याचा मोह आवरा. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे 14 लफ्सच्या (आवाजाचा मोठेपणा मोजण्याचं एकक) पातळीवर आणतं. उणे 7 ला दाबलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं, म्हणजे मोठेपणा जातो आणि दबलेपणा तेवढा उरतो. ट्रू पीक (आवाजाचं सर्वांत उंच टोक) उणे 1 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. 30 सेकंदांच्या आत श्रोता निघून गेला तर स्ट्रीम मोजलाच जात नाही, तेव्हा 25 सेकंदांची प्रस्तावना ठेवायची तर ती तितकी धरून ठेवणारी हवी.

गाणं तुमच्याच नावाच्या भलत्याच गायकाच्या पानावर गेलं असेल तर वितरकाला आपल्या पानाचा दुवा देऊन दुरुस्ती मागा. नाव नक्की करण्याआधी स्ट्रीमिंग सेवा आणि ट्रेडमार्क नोंदी दोन्हीकडे शोध घेतला असता तर ही वेळ आली नसती.

‘दहा हजार स्ट्रीम, खात्रीशीर’ अशी जाहिरात दिसली की पुढे सरका. स्पॉटिफाय खोट्या स्ट्रीमसाठी वितरकांकडून दंड घेतं, तो तुमच्या खात्यातून वळता होऊ शकतो किंवा गाणंच उतरवलं जातं. न मागताही बॉट प्लेलिस्टमध्ये (जिथे माणसं नव्हे, प्रोग्रॅम ऐकतात अशा यादीत) गाणं घुसतं. ओळख अशी: जिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही अशा एकाच शहरातून अचानक ढीगभर ऐकणं, सेव्ह जवळपास शून्य, फॉलोअर्स जागच्या जागी. दिसताच स्क्रीनशॉटसह वितरकाला कळवा.

एक गाणं व्हायरल, दुसऱ्याला कुत्रं विचारेना

लोकांना तुकडा आवडला होता, गायक त्यांना माहीतच नव्हता. व्हायरल झालेल्या गाण्यावरून माणूस पानावर आला आणि तिथे दुसरं काही नसेल तर तो परत येत नाही. गाण्याचा प्रचार सुरू करण्याआधी तीन पूर्ण गाणी तयार हवीत, आणि दुसरं गाणं चार ते सहा आठवड्यांत बाहेर पडलं पाहिजे. बिली आयलिशचं पहिलं गाजलेलं गाणं नोव्हेंबर 2015 मध्ये साउंडक्लाउडवर आलं, पहिला पूर्ण अल्बम मार्च 2019 मध्ये. मधल्या काळात सुटी गाणी, 2017 चा ईपी (मोजक्या गाण्यांचा छोटा अल्बम), लहान लहान जागी कार्यक्रम असं चालूच होतं. कोरियन बँड बीटीएसने 2013 मध्ये पदार्पण केलं, बिलबोर्ड 200 या अमेरिकेतल्या अल्बमच्या क्रमवारीत पहिला क्रमांक 2018 मध्ये मिळाला.

जगभर जायचं म्हणून घाईघाईने इंग्रजीत गाणं, ही आमच्या मते आता सगळ्यात अनाठायी चूक आहे. शकिराने 2001 मध्ये इंग्रजीकडे वळून बाजी मारली, पण मागे स्पॅनिशमधली दहा वर्षं आणि भरभक्कम श्रोते होते. 2022 मध्ये बॅड बनीचा स्पॅनिश अल्बम बिलबोर्ड 200 वर 13 आठवडे अव्वल राहिला. भाषा बदलण्याआधी श्रोत्यांच्या शहरांची यादी उघडा. ज्या दोन-तीन परक्या शहरांत ऐकणारे पुन्हा पुन्हा येताहेत, तिथल्या गायकासोबत एक गाणं करा आणि लहान सभागृहात एक शो लावा. बारा देशांत एकेक पोस्ट टाकण्यापेक्षा ते कितीतरी कामाचं.

कंपनी फायद्यात, गायक उधारीत

अॅडव्हान्स म्हणजे बक्षीस नव्हे, तुमच्याच भावी रॉयल्टीतून वळती होणारी उचल. समजा 1,00,000 डॉलर अॅडव्हान्स, रेकॉर्डिंगचा खर्च 50,000, तो सगळा तुमच्या नावे, आणि व्हिडिओचा 60,000, त्यातला निम्मा तुमच्या नावे. वळते करायचे झाले 1,80,000. रॉयल्टी 18 टक्के. गाण्यांनी 5,00,000 कमावले तर तुमचा वाटा 90,000, म्हणजे तुमच्या खात्यात अजून 90,000 ची बाकी. कंपनीकडे मात्र तिने अॅडव्हान्स, रेकॉर्डिंग आणि व्हिडिओवर घातलेले 2,10,000 वजा जाता 2,90,000 उरतात; प्रसिद्धीचा खर्च यातून व्हायचा. हे बेकायदा नाही, फक्त सही करण्याआधी मांडायचं गणित आहे.

करारात मास्टर किती वर्षांनी परत येणार, पुढचे किती अल्बम कंपनीच्या मर्जीवर आहेत, एका अल्बमचा तोटा दुसऱ्याच्या कमाईतून वसूल होणार का, हे शोधा. टेलर स्विफ्टने 2005 मध्ये करार केलेल्या कंपनीकडचे मास्टर 2019 मध्ये विकले गेले. तिने जुने अल्बम पुन्हा रेकॉर्ड केले आणि मूळ मास्टर 2025 मध्ये स्वतः विकत घेतले. एवढी ताकद फार थोड्यांकडे असते. वकील फक्त तुमचा हवा, कंपनीने सुचवलेला नको.

शो हाउसफुल, हाती काहीच नाही

मॅनेजरचा वाटा बहुधा 15 ते 20 टक्के, बुकिंग एजंटचा 10. प्रश्न असतो तो कशाच्या टक्क्यांचा. शोचे 10,000 डॉलर मिळाले; एजंटचे 1,000, वादक-प्रवास-तंत्रज्ञ 6,500. मॅनेजरने एकूण रकमेवर 20 टक्के घेतले तर 2,000 जातात आणि तुम्हाला उरतात 500. खर्च वजा जाता उरलेल्या 2,500 वर घेतले तर त्याला 500, तुम्हाला 2,000. करारात एका शब्दाचा फरक! मॅनेजर सोडल्यावरही त्याचा वाटा किती वर्षं चालणार आणि कसा घटत जाणार, हेही लिहून घ्या.

परदेशी गायकांच्या अमेरिकेतल्या कमाईवर 30 टक्के कर आधीच कापला जाऊ शकतो, तोही एकूण रकमेवर. खर्च धरून कमी कपात व्हावी यासाठीचा अर्ज पहिल्या कार्यक्रमाच्या निदान 45 दिवस आधी द्यावा लागतो.

आवाज बसला

तारखा ठरवतानाच घात झालेला असतो. ब्रिटिश गायिका अडेलला 2011 मध्ये स्वरयंत्रात रक्तस्राव झाल्याने दौरा रद्द करून शस्त्रक्रिया करावी लागली. सलग दोन, फार तर तीन शो आणि मग एक मोकळा दिवस असं वेळापत्रक करारातच घाला. मुलाखती त्या मोकळ्या दिवशी ढकलू देऊ नका, बोलण्यानेही आवाज थकतो. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे. गाताना आवाज एकदम तुटला तर तिथेच थांबा, पूर्ण मौन पाळा आणि त्याच दिवशी स्वरयंत्राच्या डॉक्टरकडे जा. स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन ‘आजचा शो काढू’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा, त्याने सूज उतरते आणि इजा झाकली जाते. वरच्या पट्टीत रोज ओढाताण होत असेल तर गाणं अर्ध्या स्वराने खाली घ्या, आणि बँडची पट्टी बदलून नवे ट्रॅक तालमीच्या पहिल्याच दिवशी तयार ठेवा.