सदाहरित झाड पिवळं पडतंय? पाण्याची नळी आधी खाली ठेवा

सदाहरित झाड पानं गाळत नाही, ही समजूत फार पक्की असते. त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडावर बकुळीखाली पिवळी पानं दिसली की घरातलं कुणीतरी नळी घेऊन धावतं. बकुळ, सोनचाफा, जांभूळ यांचीही पानं गळतात. फक्त सगळी एकदम गळून झाड उघडं पडत नाही, इतकंच. म्हणून आधी कोणतं पान पिवळं आहे ते बघा.

फांदीच्या आतल्या बाजूची जुनी पानं पिवळी असतील तर काही करू नका. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर झाडाला लोह मिळत नाही. चुनखडीच्या जमिनीत सोनचाफ्याला हे होतंच. नव्या बंगल्याच्या अंगणात बांधकामाचा राडारोडा पुरलेला असला, तरी तीच गत. लोह मातीत असतं, पण चुन्यामुळे मुळांना घेता येत नाही. राडारोडा काढा, शेणखत घाला आणि चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी करा.

सगळ्यात फसवा प्रकार तिसरा: झाड मलूल, पण माती ओली. काळ्या चिकण जमिनीत दोन फूट खोल खड्डा खणून त्यात भुसभुशीत माती भरली, की पावसाळ्यात त्याचं डबकं होतं. आजूबाजूचं पाणी आत येतं, बाहेर जात नाही. मुळं गुदमरून कुजतात आणि पाण्यात उभं असलेलं झाड तहानलेलं दिसतं. आपण आणखी पाणी घालतो. माझे दोन सोनचाफे असेच गेले. तिसरा फूटभर उंच मातीच्या ढिगावर लावला, तो जगला. आता पाणी द्यायच्या आधी बोट दोन पेरं मातीत खुपसून बघतो.

सोनचाफ्याचं कलम लावताना जोड मातीच्या वर राहू द्या आणि त्याखालून येणारे फुटवे खुडून टाका. नाहीतर वाढतो तो खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधलं ते खालचं रोप, आणि फुलांची वाट बघण्यात वर्षं जातात. जोडावरची प्लास्टिकची पट्टी सोडायलाही बरेच जण विसरतात. खोड जाड झालं की ती त्यात रुतते.

रोपवाटिकेत नुसतं ‘अशोक’ म्हणालात, तर बहुतेक वेळा उंच, सरळ वाढणारा आसुपालव हाती पडतो. नारिंगी फुलांचा हवा असेल तर ‘सीताअशोक’ असं स्पष्ट सांगा. तो मिळाल्यावर पश्चिमेच्या भिंतीलगत लावू नका. लहानपणी त्याला सावली आणि ओल लागते. दुपारच्या उन्हात पानांच्या कडा करपतात.

कुंतीच्या (कामिनीच्या) कुंपणाला फूल येत नाही, ही तक्रार बहुधा कात्रीमुळे असते. दर पंधरा दिवसांनी शेंडे छाटले, तर कळी धरणार कुठे? फुलांचा बहर ओसरल्यावर छाटा, आणि कुंपण खाली रुंद, वर थोडं निमुळतं ठेवा. वर रुंद झालं की खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि बुंध्याशी नुसत्या काटक्या उरतात.