ऑर्गॅनिक सुरू करताना आधी इलेक्ट्रॉन मोजायला शिका

ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या पुस्तकातलं पहिलं प्रकरण बहुतेक विद्यार्थी नुसतं चाळतात. अणुसंरचना, ऑर्बिटल, बंध हे सगळं शाळेत झालेलं असतं, त्यामुळे धाव थेट अभिक्रियांकडे. मग वही इलेक्ट्रॉन कुठून कुठे सरकतात ते दाखवणाऱ्या वक्र बाणांनी भरते, पण कुठला बाण कुठून का निघाला हे सांगता येत नाही. मी हा विषय शिकलो, पुढे शिकवलाही. अडलेल्या विद्यार्थ्याची वही मागे मागे उलटत गेलं की गाठ या पहिल्या प्रकरणातच सापडते.

अणुसंरचनेतलं लागतं मात्र थोडंच. क्वांटम अंक सुरुवातीला बाजूला ठेवले तरी चालतात. कार्बनचे संयुजा (सर्वांत बाहेरच्या कवचातले) इलेक्ट्रॉन 4, नायट्रोजनचे 5, ऑक्सिजनचे 6, हॅलोजनचे 7 हे झोपेतही सांगता यायला हवं. सोबत पॉलिंगच्या मोजपट्टीवरची विद्युतऋणता, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची अणूची ताकद: हायड्रोजन 2.20, कार्बन 2.55, नायट्रोजन 3.04, ऑक्सिजन 3.44. कार्बन-हायड्रोजन बंध जवळपास अध्रुवी का आणि ऑक्सिजनला जोडलेला कार्बन किंचित धन का, ते या आकड्यांतून कळतं.

खरा वेळ द्यायचा तो लुईस रचनेला, म्हणजे बंध रेषांनी आणि उरलेले इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवणाऱ्या चित्राला. बंध म्हणजे दोन अणूंनी वाटून घेतलेली इलेक्ट्रॉनची जोडी, ही कल्पना गिल्बर्ट लुईस यांनी 1916 मध्ये मांडली आणि ऑर्गॅनिकवाले आजही रोज तिच्यावरच काम करतात. पुस्तकं लवकरच नागमोडी रेषांची चित्रं काढू लागतात आणि लोन पेअर, म्हणजे बंधात न अडकलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या, दाखवणं सोडून देतात. तुम्ही सोडू नका. निदान पहिलं सत्र प्रत्येक ऑक्सिजन-नायट्रोजनवरचे ठिपके काढाच.

अ‍ॅसिटेट आयन घ्या. एका कार्बनवर दोन ऑक्सिजन, एक दुहेरी बंधाने, एक एकेरी. फॉर्मल चार्ज, म्हणजे प्रत्येक अणूवरचा हिशेबी भार, काढायचा तर संयुजा इलेक्ट्रॉनमधून लोन पेअरमधले सगळे आणि बंधातले निम्मे इलेक्ट्रॉन वजा करायचे. एकेरी बंधाचा ऑक्सिजन: 6 वजा 6 वजा 1, म्हणजे उणे 1. दुहेरी बंधाचा: 6 वजा 4 वजा 2, म्हणजे शून्य. आता अणू जागेवर ठेवून फक्त इलेक्ट्रॉन सरकवा, दुसरी रचना मिळते आणि ऋणभार पलीकडच्या ऑक्सिजनवर जातो. यालाच रेझोनन्स म्हणतात. आयन या दोन चित्रांत उड्या मारत नसतो. तो कायम एकच असतो, त्याचे दोन्ही कार्बन-ऑक्सिजन बंध सारख्याच लांबीचे असतात आणि भार दोघांत वाटलेला असतो. म्हणूनच अ‍ॅसिटिक आम्लाचा पीकेए (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र) 4.76 आणि इथेनॉलचा सुमारे 16. इथेनॉलपासून बनणाऱ्या इथॉक्साइड आयनला भार वाटायला दुसरा ऑक्सिजनच नाही. एवढा मोठा फरक दोन रेखाचित्रांतून उलगडतो, आणि मला या विषयाची गोडी लागली ती इथेच.

संकरण, म्हणजे ऑर्बिटलची सरमिसळ, घाबरवतं, पण त्याचा प्रश्न साधा आहे. कार्बनचे 2p ऑर्बिटल एकमेकांशी 90 अंशात असतात, मग मिथेनमध्ये कोन 109.5 अंश कसा? 1931 मध्ये लायनस पॉलिंग यांनी s आणि p मिसळून त्याचं उत्तर दिलं. रोजच्या वापरासाठी सिग्मा बंध (दोन अणूंमधला पहिला बंध) आणि लोन पेअर मोजा: बेरीज 4 आली तर एसपी3, 3 आली तर एसपी2, 2 आली तर एसपी. एक सावधगिरी: लोन पेअर शेजारच्या पाय बंधाशी (दुहेरी बंधातल्या दुसऱ्या बंधाशी) रेझोनन्समध्ये असेल तर हा हिशेब चुकतो. अमाइडच्या, म्हणजे C=O ला जोडलेल्या, नायट्रोजनची बेरीज 4 येते, तरी तो जवळपास सपाट, एसपी2 असतो. परीक्षेत हमखास विचारतात.

पाय बंधाबद्दल एकच हिशेब सांगतो. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला मोलमागे साधारण 350 किलोज्यूल लागतात, दुहेरीला सुमारे 610. म्हणजे पाय बंधाच्या वाट्याला जेमतेम 260. अल्कीनच्या (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेल्या संयुगांच्या) अभिक्रियांत बहुधा हाच बंध का तुटतो, हे इथे दिसतं.

सरावासाठी मिथाइलअमाइन, अ‍ॅसिटोनायट्राइल, अ‍ॅसिटोन, नायट्रोमिथेन हे रेणू पुरतात. प्रत्येकाचे ठिपके, फॉर्मल चार्ज, संकरण आणि कोन लिहा, शक्य असेल तर मॉडेल किटवर जोडून हातात फिरवा. नायट्रोमिथेनमध्ये नायट्रोजनवर अधिक 1 आणि एका ऑक्सिजनवर उणे 1 आला नाही, तर पुन्हा मोजा.

ते जमलं की हायड्रॉक्साइड आणि ब्रोमोमिथेन शेजारी काढा. पहिला बाण ऑक्सिजनच्या लोन पेअरपासून कार्बनकडे, दुसरा कार्बन-ब्रोमीन बंधापासून ब्रोमीनकडे. बाण नेहमी इलेक्ट्रॉनपासून निघतो, आणि ते इलेक्ट्रॉन तुम्ही आधीच काढून ठेवलेले असतात.